विहिरीचे बिल देण्यापूर्वी

विहीर खोदून झाली की ठेकेदार ब्रासचा आकडा सांगतो आणि आपण कर्जाने काढलेले पैसे मोजून मोकळे होतो. खोली खरंच तेवढी हाय का, हे कोण बघतो?

हिशेब शाळेतलाच आहे. गोल विहिरीचे घनफळ म्हणजे २२/७ गुणिले त्रिज्येचा वर्ग गुणिले खोली. १०० घनफूट म्हणजे एक ब्रास. आता हेच सूत्र फिरवा : घनफळाला तळाच्या क्षेत्रफळाने भागले की खोली निघते.

समजा, व्यास २८ फूट आणि बिल २१५.६ ब्रासचे, म्हणजे २१,५६० घनफुटांचे. त्रिज्या १४, तिचा वर्ग १९६. २२/७ ने गुणून तळ ६१६ चौरस फूट. भागाकार ३५ फूट. आता दोराला धोंडा बांधून आत सोडा. दोर ३० फुटांवरच टेकला, तर न खोदलेल्या ३०.८ ब्रासचे पैसे आपल्या माथी आले की!

व्यास मात्र बांधकामाआधी, दोन बाजूंनी मोजावा. २८ ऐवजी २९ धरला, तर त्याच बिलाची खोली साडेबत्तीस फुटांच्या आसपास येते. म्हणून आधी टेप, मग दोर आणि शेवटी पैसे.