चिमुकल्या समुद्रघोड्याचे छायाचित्र

न्यू कॅलेडोनिया हे पॅसिफिक महासागरातील एक बेट. १९६९ साली तेथील नूमेआ येथे जॉर्ज बार्जिबाँ हे संशोधक समुद्रातून वर आणलेला एक समुद्रपंखा तपासत होते. समुद्रपंखा म्हणजे पंख्यासारखे पसरणारे एक प्रकारचे प्रवाळ. त्याच्या फांदीला शेपटीने विळखा घालून बसलेले चिमुकले समुद्रघोडे त्यांना दिसले. लांबी जेमतेम दोन सेंटिमीटर, म्हणजे रुपयाच्या नाण्यावर सहज मावतील एवढे! अंगावर गाठी, त्याही हुबेहूब समुद्रपंख्याच्या मिटलेल्या पॉलिपांसारख्या. पंखा हातात येईपर्यंत हा प्राणी कोणाला दिसलाच नव्हता. १९७० साली व्हिटली या शास्त्रज्ञांनी त्याला ‘हिप्पोकॅम्पस बार्जिबांटी’ असे नाव दिले.

अशा प्राण्याचे त्याच्या घरी जाऊन छायाचित्र घ्यायचे तर काय करावे लागेल? विद्यार्थी मित्रांनो, येथे पाणी तीन अडचणी उभ्या करते आणि तिन्हींची उत्तरे तुमच्या भौतिकशास्त्राच्या पुस्तकात आहेत.

पहिली अडचण भिंगाची. एक हातभिंग घ्या आणि पाण्याने भरलेल्या बादलीत पूर्ण बुडवून त्यातून तळातले नाणे पाहा. नाणे फारसे मोठे दिसत नाही. असे का? भिंगाची शक्ती काच व तिच्या भोवतालचे माध्यम यांच्या वक्रीभवनांकांवर अवलंबून असते. काचेचा वक्रीभवनांक सुमारे १.५, हवेचा १ आणि पाण्याचा १.३३. पाण्यात हा फरक कमी होतो आणि भिंगाचे नाभीय अंतर जवळजवळ चौपट होते. म्हणूनच कॅमेरा पाणी न शिरणाऱ्या पेटीत ठेवतात. पेटीला पुढे सपाट काच असते व भिंग आत हवेतच राहते. १८९३ साली लुई बुताँ यांनी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पाण्याखाली छायाचित्रे घेतली, तीही कॅमेरा अशा पेटीत घालूनच.

सपाट काचेतून पाहताना वस्तू खऱ्या अंतराच्या तीन-चतुर्थांश अंतरावर भासते. ४० सेंटिमीटरांवरचा समुद्रघोडा ३० सेंटिमीटरांवर असल्यासारखा वाटतो आणि एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. कॅमेऱ्यालाही तो तेथेच ‘दिसतो’. म्हणून कॅमेऱ्यावर अंतर जुळवायचे ते ३० सेंटिमीटरांचे, ४० चे नव्हे.

दुसरी अडचण रंगांची. पाणी तांबडा प्रकाश झपाट्याने शोषून घेते. दहा मीटर खोलीवर सूर्यप्रकाशातील तांबड्या रंगाचा अगदी थोडा अंश उरतो. आपला समुद्रघोडा त्याहूनही खोल राहतो. त्याच्या अंगावरच्या तांबड्या गाठी तेथे नुसत्या काळपट दिसतात. मग उपाय काय? उजेड बरोबर न्यायचा. फ्लॅशचा प्रकाश २० सेंटिमीटर पाणी ओलांडून प्राण्यावर पडला आणि तितकेच अंतर कापून परत आला, तर त्याला एकूण ४० सेंटिमीटरच पाणी लागते. एवढ्यात तांबडा रंग फारसा घटत नाही. म्हणून पाण्याखाली जितके जवळ जावे तितके चित्र रंगीत व स्पष्ट येते.

मात्र फ्लॅश भिंगाच्या शेजारी लावून चालत नाही. पावसाळ्यात घाटातल्या धुक्यात मोटारीचे दिवे लावले की समोर पांढरी भिंत उभी राहते, हे तुम्ही पाहिले असेल. पाण्यात तरंगणारे बारीक कणही तसेच चकाकतात. म्हणून फ्लॅश लांब दांड्यावर बाजूला धरतात व प्रकाश तिरपा टाकतात.

तिसरी अडचण जवळ जाण्यातूनच येते. वस्तूएवढीच प्रतिमा हवी असेल, तर वस्तू आणि प्रतिमा दोन्ही भिंगापासून दुप्पट नाभीय अंतरावर असाव्या लागतात. दूरच्या दृश्याच्या मानाने प्रतिमेचे अंतर दुप्पट झाले, म्हणजे तिच्यावरचा उजेड एक-चतुर्थांश झाला! शिवाय भिंगाचे छिद्र अगदी बारीक केले, तरी स्पष्ट दिसणाऱ्या भागाची जाडी दोन-तीन मिलिमीटरच भरते. डोळा स्पष्ट आला तर शेपूट पुसट. लाटेने फांदी तेवढी हलली की सारेच पुसट!

येवढा खटाटोप कशासाठी, असे तुम्ही विचाराल. शंख नसलेल्या समुद्री गोगलगाई पाहा. जिवंतपणी त्यांचे रंग पाहत राहावे असे असतात. पण तोच जीव मद्यार्काच्या बरणीत घातला की रंग उडतो व अंग आक्रसते. तो काय खातो, अंडी कोठे घालतो, हे तर बरणी कधीच सांगणार नाही. छायाचित्र हे सारे टिपते आणि प्राणी आपल्या जागी राहतो.

अर्थात तो तसा राहिला तरच! चांगल्या चित्रासाठी समुद्रघोड्याला काडीने वळवणारे पाणबुडेही असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले, की अशा लहान माशांना फ्लॅशपेक्षा माणसाच्या हाताळण्याचा ताण अधिक होतो. समुद्रघोडा पाठ फिरवून बसला, तर छायाचित्रकाराने थांबावे. आणि पाणबुड्याच्या टाकीतील हवा संपत आली, तर चित्राविना वर यावे.

आता एक प्रश्न तुमच्यासाठी. पाण्यात बुडी मारून डोळे उघडले तर सारे पुसट दिसते, पण पाणबुड्याचा काचेचा मुखवटा घातला की स्पष्ट दिसते. असे का? बादलीतले हातभिंग आठवा, उत्तर सापडेल.