'होपफुली' : आशा कोणाची?

'होपफुली' हा इंग्रजी शब्द आता आपल्या मराठी बोलण्यातही सर्रास येतो. 'होपफुली उद्या पाऊस पडेल.' पण इथे आशा करतो कोण? पाऊस तर नव्हे!

शब्दाचा जुना अर्थ 'आशेने'. 'मुलाने होपफुली बापाच्या पिशवीत डोकावलं', यात आशा डोकावणाऱ्या मुलाची. वाक्याच्या आरंभी आला, की हाच शब्द साऱ्या वाक्यावर छत्री धरतो आणि आशा बोलणाऱ्याची होते. १९६०च्या दशकात अमेरिकेत हा वापर फोफावला, तेव्हा भाषेचे राखणदार खवळले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेच्या शैलीपुस्तिकेने तो मान्य केला, तो २०१२ साली! मला हा राग कधी कळला नाही. आपण 'सुदैवाने गाडी मिळाली' म्हणतो, तेव्हा दैव काय गाडीचं असतं? जर्मन भाषेत तर या दोन कामांना दोन वेगळे शब्दच आहेत.

आपल्याकडे घोटाळा निराळाच होतो. 'होपफुली' म्हणजे 'बहुधा' नव्हे. 'बहुधा' हा अंदाज, 'होपफुली' ही इच्छा. 'होपफुली तो नापास होईल' असं म्हणणारा त्या पोराच्या वाईटावर टपलेला असतो!

माझी तक्रार एवढीच, की हा शब्द आशेच्या धन्याचं नाव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी अम्माचं ऑपरेशन होतं. आदल्या संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "होपफुली, शी विल बी ऑलराइट." ते गेल्यावर अम्माने विचारलं, "काय म्हणाले रे?" मी अडखळलो. 'तू बरी होणार' म्हणावं, तर तसं ते म्हणाले नव्हते. 'आशा आहे' म्हणावं, तर ती विचारणार, कुणाला? शेवटी म्हटलं, "म्हणाले, इन्शाअल्ला बरी होशील."

"मग झालं तर," म्हणून तिने डोळे मिटले.

भाषांतर म्हणून हे चूकच. 'इन्शाअल्ला' म्हणजे अल्लाची मर्जी असेल तर. त्यात निवाडा करणारा कुणी आहे. 'होपफुली'त नुसती इच्छा, तीही निनावी.

अम्मा बरी होऊन घरी आली. डॉक्टर मोठा भला माणूस, अल्लाचं नाव घेऊन बोलला, असं ती शेजारणींना पुढे कितीतरी दिवस सांगत असे. मी तिला कधी दुरुस्त केलं नाही.