गळू की नुसती सूज? डॉक्टर नेमकं काय बघतात

पावसाळा सुरू झाला की पहिली-दुसरीच्या वर्गात नाकाखाली, गुडघ्यावर फोड आलेली मुलं दिसू लागतात. "उष्णता झालीय, जाईल आपोआप" असं घरोघरी म्हटलं जातं. डॉक्टर मात्र दोन-तीन मिनिटांत निदान करतात. ते कसं, हे कळलं तर मुलाला कधी न्यायचं हे आपल्यालाही समजेल.

यातलं बरंचसं निदान नजरेनं आणि बोटांनीच होतं. साध्या संसर्गात रक्ततपासणी बहुधा लागत नाही. मधासारखी पिवळसर खपली दिसली की इम्पेटिगो. हा जंतूंमुळे होतो आणि एकाचा टॉवेल दुसऱ्याने वापरला तरी पसरतो. औषध सुरू होऊन 24 तास झाले की मूल साधारणपणे शाळेत येऊ शकतं.

लाल, गरम, दुखरी सूज असेल तर डॉक्टर ती हलकेच दाबून बघतात. आत पातळ काही हलल्यासारखं लागलं तर पू झालाय, म्हणजे गळू. त्याला छेद देऊन पू काढणं हाच मुख्य उपाय, नुसत्या गोळ्यांनी सहसा भागत नाही. (घरी पिळायचं मात्र अजिबात नाही!) गरज वाटली तर तो पू तपासायला पाठवतात, कोणतं औषध लागू पडेल ते त्यातून कळतं. पू नसून लालीच पसरत असेल तर सेल्युलायटिसची शंका येते. मग लालीच्या कडेने पेनाने रेघ मारतात आणि दुसऱ्या दिवशी लाली रेघेबाहेर गेली का ते बघतात. किती साधी युक्ती! काखेत, जांघेत अवधाण आलंय का, तेही चाचपतात.

रात्री खाज जास्त, बोटांच्या बेचक्यात पुरळ आणि घरात इतरांनाही तेच, तर मूळ दुखणं खरूज असू शकतं. खाजवून जखम होते आणि त्यात पू होतो. अशा वेळी उपचार सगळ्या घराने एकदमच घ्यायचा.

दवाखान्यात नेताना हळद, चुना, टूथपेस्ट लावू नका, खालचा रंगच दिसत नाही. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टिरॉइडचं मलम तर नायट्याचं रूपच बदलून टाकतं. लावलं असेल तर ट्यूब सोबत न्या.

ताप, मलूलपणा, झपाट्याने वाढणारी लाली, डोळ्याभोवती सूज किंवा दिसतं त्यापेक्षा फार जास्त दुखणं, यातलं काहीही असेल तर लगेच दवाखाना गाठा. आणि फोड बरे झाल्यावर दोन-तीन आठवड्यांनी चेहरा सुजला किंवा लघवी चहासारखी झाली, तर मूत्रपिंडाला सूज आलेली असू शकते. तेव्हा आधीच्या फोडांबद्दल डॉक्टरांना आठवणीने सांगा.