नोंदवहीमागचा हात

खातेवहीतील चुकीची नोंद वर्षअखेरीस दुरुस्त करता येते. अंगणवाडीच्या नोंदवहीतील चूक मात्र बालकाच्या जिवावर बेतू शकते. ती घडू नये म्हणून अंगणवाडी सेविकांना शिकविणारी व त्यांच्या पाठीशी उभी राहणारी अधिकारी म्हणजे मुख्यसेविका.

पालघर जिल्ह्यात या कार्याची परंपरा जुनी आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे बालशिक्षणाचे कार्य आरंभिले; पुढे कोसबाडच्या टेकडीवर बालकांबरोबर बालसेविकाही घडविल्या. एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली ती ३० वर्षांनंतर, २ ऑक्टोबर १९७५ रोजी.

बोईसर-तारापूरच्या औद्योगिक परिसरात मजूर कुटुंबे कामामागे वस्ती बदलतात; मूल पुढे जाते, नोंद मागे राहते. अशा वस्तीत नव्या सेविकेस वजनकाटा शून्यावर आणणे, दंडाभोवती फीत धरणे कोणीतरी हाताला धरूनच शिकवावे लागते. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटिमीटरहून कमी भरल्यास ते तीव्र कुपोषित ठरते. फीत किंचित सैल राहिली, तर तेच मूल यादीतून निसटते.

अंगणवाडीस खाऊ देणारे हात पुष्कळ आहेत. देण्यापूर्वी मुख्यसेविकेस एवढेच विचारावे : येथील वजनकाटा अचूक आहे ना?