प्रकाश टाका, पण कशावर?

'अष्टप्रधान मंडळावर प्रकाश टाका', अशा धाटणीचे प्रश्न मराठी विद्यार्थ्यांच्या चांगल्याच परिचयाचे आहेत. 'थ्रो लाइट ऑन' या इंग्रजी वाक्प्रचाराचे हे शब्दशः भाषांतर होय.

एवढ्यावरून तो त्याज्य ठरत नाही. अर्थ स्पष्ट करण्यासाठी दिव्याची कल्पना मराठीला नवी नाही. शके 1212 मधील ज्ञानेश्वरीचे नावच 'भावार्थदीपिका' आहे. 'टाकणे' हे क्रियापदही उदार आहे. आपण मांडव टाकतो, नजर टाकतो, तसा प्रकाशही टाकू लागलो. शिवाय परका शब्द नेमका असू शकतो. 'खुलासा' अरबी-फारसीतून आला. पण 'उशिरा येण्याबाबत खुलासा सादर करावा' असे ज्ञापन हाती पडले, की आपल्याकडून कारण हवे आहे, हे कोणत्याही लिपिकास तत्काळ कळते.

दोष आहे तो संदिग्धतेचा. प्रकाश टाकायचा म्हणजे वर्णन करायचे, कारणे द्यायची, की गुणदोष सांगायचे? याचे उत्तर प्रश्नात नसते. मग विद्यार्थी आठवेल ते सारे लिहितो आणि परीक्षक स्वतःच्या समजुतीप्रमाणे गुण देतो. शहरातील मुलाला अपेक्षित उत्तराचा साचा शिकवणीत मिळू शकतो. ज्याला केवळ प्रश्नातील शब्दांचाच आधार, त्याने काय करावे?

वाशीम जिल्ह्यातील शेलूबाजारसारख्या गावी, जिथे नावातच बाजार आहे, व्यवहाराच्या भाषेला अशी संदिग्धता परवडत नाही. तूर किंवा सोयाबीन विकल्यावर हाती आलेली रक्कम कमी वाटली, तर शेतकरी 'हिशेबावर प्रकाश टाका' असे म्हणणार नाही. तो हिशेबाची फोड मागेल: वजन किती भरले, भाव काय लागला, हमाली किती, तोलाई किती. 'फोड' या एका शब्दाने उत्तर कसे हवे, हे ठरून जाते.

मराठीजवळ अशा शब्दांची वाण नाही. गूढाचा उलगडा होतो, गुंत्याची उकल होते, संज्ञा विशद करता येते, कारणमीमांसा होते, मूल्यमापन होते. प्रत्येकाचे काम वेगळे. 3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. त्या गौरवाचा लाभ शेलूबाजारच्या विद्यार्थ्यापर्यंत पोहोचावयाचा असेल, तर प्रश्न काढणाऱ्याने काय हवे ते आधी स्वतःशी ठरवावे आणि मग त्यासाठी असलेला शब्द योजावा. तेवढे झाले, तर प्रश्नावर निराळा प्रकाश टाकण्याची गरज उरणार नाही.