ओळख किनाऱ्याची : गोबी की ब्लेनी?

ओहोटीत खडकाळ किनाऱ्यावर, म्हणजे खडपात, उरलेल्या एखाद्या डबक्याच्या तळाशी बोटाएवढा मातकट मासा बसलेला असतो. आपली सावली पडली की सपकन दगडाखाली. बाजारात त्याला भाव नाही, खडपात कालवं काढणाऱ्या बायका त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ओळखायला मात्र तो पापलेट-सुरमईपेक्षा कितीतरी अवघड. म्हणूनच मला तो जास्त आवडतो.

मुंबईत हाजीअलीपासून खाली रत्नागिरी-मालवणपर्यंत, जिथे खडप आहे तिथे या आकाराचे तळमासे बहुतेक दोन घराण्यांतले निघतात : गोबी आणि ब्लेनी. दोघेही तळाला चिकटून राहतात, दोघांचेही डोळे डोक्यावर, आणि दोघेही पोहण्यापेक्षा टुणटुण सरकतात. वरून पाहून फरक सांगणं नवख्याला जमत नाही. त्यात बरेचजण रंगावर जातात आणि फसतात. डबक्यातला गोबी वाळूवर फिकट दिसतो आणि शेवाळी दगडावर गेला की थोड्याच वेळात काळपट होतो. त्यामुळे ‘तपकिरी, अंगावर काळे ठिपके’ एवढ्या वर्णनावरून कुणालाच काही सांगता येत नाही.

पाहायचं ते पोट. गोबीचे पोटाखालचे दोन्ही पर एकमेकांना जोडलेले असतात आणि त्यांची उथळ वाटीसारखी चकती बनते. लाट आदळली की या चकतीने तो दगडाला धरून राहतो. खाडीच्या चिखलातली निवटीही गोबींच्याच गोतातली, तिचेही हे पर असेच जुळलेले. ब्लेनीकडे अशी चकती नाही. तिचे पोटाखालचे पर दोन-चार किरणांपुरते, बारीक, आणि जागाही पुढे, जवळजवळ गळ्याखाली. त्यांवर टेकून ती डोकं वर उचलून बसते.

मासा हातात धरायची गरज नाही. पारदर्शक बरणीत समुद्राचंच पाणी भरा, मासा त्यात अलगद येऊ द्या आणि बरणीच्या बुडातून पाहा. चकती असेल तर ती काचेला टेकलेली स्पष्ट दिसते. बघून झालं की त्याच डबक्यात सोडा. आणि कपारीत न बघता हात घालू नका. विषारी काट्यांचे विंचूमासेही अशाच जागी दडतात.

बाकीच्या खुणा मग पटापट जुळतात. गोबीच्या पाठीवर दोन वेगळे पर, मध्ये फट. ब्लेनीच्या पाठीवर डोक्यापासून शेपटीपर्यंत बहुधा एकच लांब पर. गोबीच्या अंगावर सहसा खवले असतात. ब्लेनी बिनखवल्याची, बुळबुळीत. कपाळ उभं, डोळ्यांवर अनेकदा बारीक तुरे, आणि तोंडात एका ओळीत खेटून बसलेले बारीक दात. त्यांनी ती दगडावरचं शेवाळ खरवडते. आपल्या डबक्यांत सापडणाऱ्या बॅथिगोबियस वंशातल्या गोबींची आणखी एक खूण आहे : कल्ल्यामागच्या पराचे वरचे काही किरण सुटे, रेशमी धाग्यांसारखे दिसतात. फोटो बाजूने काढला तरच ते टिपले जातात, वरून काढलेल्या फोटोत हमखास हरवतात.

आता जागेविषयी. ओहोटीत सुटं पडलेलं डबकं ही राहायला सोपी जागा नव्हे. एप्रिलच्या उन्हात त्यातलं पाणी तापतं आणि आटून खारट होतं, जुलैच्या पावसात जवळजवळ गोडं होतं, आणि रात्री शेवाळासकट सगळेच श्वसन करत असल्याने प्राणवायू घटतो. हे सोसणारे मासे थोडे, आणि गोबी त्यांतले पक्के. पण नुसतं सोसून भागत नाही, डबक्याबाहेरची वाटही ठाऊक असावी लागते. बहामा बेटांकडच्या बॅथिगोबियस सोपोरेटर या गोबीवर लेस्टर अ‍ॅरन्सन या अमेरिकी शास्त्रज्ञाने काम केलं, ते १९५१ साली प्रसिद्ध झालं. हा मासा ओहोटीच्या वेळी एका डबक्यातून शेजारच्या डबक्यात अचूक उडी मारतो. पलीकडचं पाणी त्याला दिसत नाही, तरी तो कोरड्या खडकावर सहसा आपटत नाही. अ‍ॅरन्सननी कृत्रिम डबकी करून पाहिलं. ज्या माशांना आधी त्या जागेवर भरती अनुभवायला मिळाली होती, त्यांच्याच उड्या बरोबर पडल्या. भरतीत खडकांवरून फिरताना कुठे खड्डा, कुठे उंचवटा हे मासा लक्षात ठेवतो, आणि ही आठवण कित्येक दिवस टिकते. एवढ्याशा मेंदूत आख्ख्या खडपाचा नकाशा! माशांना क्षणभरापलीकडचं आठवत नाही असं कुणी म्हणालं, तर मी त्याला हीच गोष्ट सांगतो.

पाहायला जायचं तर अमावास्या किंवा पौर्णिमा गाठा. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या आसपास येते, त्यामुळे खोल ओहोटी सकाळी किंवा संध्याकाळी सहा-सातला मिळते. भांगाच्या दिवसांत पाणी फारसं हटतच नाही, फेरी फुकट जाते.

शेवटची एक विनंती. दगड उलटून पाहिलात तर तो त्याच जागी, त्याच बाजूने परत ठेवा. अनेक गोबींची मादी दगडाच्या खालच्या अंगाला अंडी चिकटवते आणि नर तिथेच राहून परांनी त्यांवर पाणी खेळवतो. दगड उपडा राहिला, की भरती येण्याआधीच ती अंडी उन्हात वाळून जातात.