चार वर्षे अडकून पडलेली ध्वनिफीत

अमेरिकी लोकसंगीताच्या पुनरुज्जीवनाचा इतिहास न्यूयॉर्कच्या ग्रीनिच व्हिलेजभोवतीच फिरत राहिल्यामुळे, त्या पुनरुज्जीवनाच्याच काळात शिकागोच्या कॉफीगृहांत गिटार घेऊन गाणाऱ्या टेरी कॅलियर या कृष्णवर्णीय गायक-गीतकाराची दखल फार उशिरा घेतली गेली. ‘द न्यू फोक साउंड ऑफ टेरी कॅलियर’ हा त्याचा पहिला अल्बम जुलै १९६४ मध्ये ध्वनिमुद्रित झाला आणि १९६८ मध्ये प्रकाशित झाला. या अल्बमच्या वाट्याला आलेली उपेक्षा मुख्यतः मधल्या चार वर्षांमुळे आहे.

१९४५ मध्ये जन्मलेला कॅलियर शिकागोतील कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी गृहवसाहतीच्या परिसरात वाढला. कर्टिस मेफील्ड आणि जेरी बटलर हे त्याचे बालपणीचे सोबती पुढे सोल संगीताचे, म्हणजे चर्चमधील भक्तिगायनाचा आवेग ऐहिक गीतांत उतरवणाऱ्या शैलीचे, अध्वर्यू ठरले. कॅलियरनेही १९६२ मध्ये चेस या कंपनीसाठी एक गीत ध्वनिमुद्रित केले होते. परंतु महाविद्यालयात गेल्यावर तो लोकगीतांकडे वळला आणि पुढे सॅम्युएल चार्टर्स यांची नजर त्याच्यावर पडली.

चार्टर्स हे सामान्य निर्माते नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेतील गरीब कृष्णवर्णीयांच्या दुःखगीतांच्या, म्हणजे ब्लूजच्या, परंपरेवर १९५९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या ‘द कंट्री ब्लूज’ या ग्रंथामुळे अनेक विस्मृत गायकांचा शोध सुरू झाला. प्रेस्टिज या कंपनीसाठी त्यांनी एकोणीस वर्षांच्या कॅलियरचे ध्वनिमुद्रण केले. त्यानंतर मूळ फिती सोबत घेऊन ते मेक्सिकोच्या वाळवंटी प्रदेशात याकी या आदिवासी जमातीत राहायला गेले आणि त्यामुळे प्रकाशन रखडले, अशी हकीकत सांगितली जाते. हरवलेल्या आवाजांना परत आणण्यासाठी आयुष्य वेचणाऱ्या संशोधकाच्याच हातून एक जिवंत, तरुण आवाज ऐन उमेदीच्या काळात अडगळीत पडावा, ही या इतिहासातील सर्वांत वेदनादायक गोष्ट आहे, आणि चार्टर्स यांच्या मोठ्या कार्याकडे पाहून तिच्यावर पांघरूण घालणे योग्य होणार नाही.

त्या फितींत नेमके काय होते, हे पाहिले म्हणजे नुकसानीची कल्पना येते. कॅलियरच्या गिटारला साथ आहे ती केवळ दोन डबल बेसची, म्हणजे उभी धरून वाजवायच्या, खर्जातील महाकाय तंतुवाद्यांची. वादक आहेत टर्बोर ॲटनबरो आणि जॉन ट्वीडल. दोन बेसची ही रचना कॅलियरला जॉन कोल्ट्रेन या जॅझ सॅक्सोफोनवादकामुळे सुचली. कोल्ट्रेनच्या वादनातील झपाटलेपण प्रत्यक्ष पाहून कॅलियर इतका हादरला होता की काही काळ त्याने गाणेच थांबवले. कोल्ट्रेनने १९६१ मध्ये दोन बेस एकत्र वापरले होते, आणि रविशंकरांच्या संगीताचा अभ्यास करणाऱ्या या कलावंताच्या ‘इंडिया’ या रचनेत त्यांचा खर्ज तंबोऱ्यासारखा अखंड घुमत राहतो. गुलामगिरीच्या काळापासून दक्षिणेत नाचासाठी वाजवले जाणारे ‘कॉटन आइड जो’ कॅलियर अशाच खर्जावर अतिशय संथ लयीत गातो, तेव्हा त्या गीताच्या तळाशी असलेला विरह उघडा पडतो. हा अल्बमचा परमोच्च बिंदू मानावा लागेल.

१९६८ पर्यंत लोकगायक बॉब डिलन विजेच्या गिटारकडे वळून तीन वर्षे झाली होती आणि कोल्ट्रेनचे निधनही झाले होते, त्यामुळे अल्बमच्या शीर्षकातील नवेपणा श्रोत्यांना दिसेनासा झाला. पुढे कॅडेट कंपनीसाठी चार्ल्स स्टेप्नी या संयोजकाच्या वाद्यवृंदासह कॅलियरने केलेले ‘व्हॉट कलर इज लव्ह’सारखे अल्बम भव्य आहेत, तरीही खपाच्या हिशेबात तेही मागेच राहिले. १९८३ च्या सुमारास मुलीच्या संगोपनासाठी संगीत सोडून तो एका विद्यापीठात संगणकाच्या कामावर रुजू झाला, नव्वदच्या दशकात ब्रिटनमधील श्रोत्यांनी त्याला पुन्हा रंगमंचावर आणले, आणि २०१२ मध्ये शिकागोतच त्याचे निधन झाले.

आजही अनेक सूचीकार त्या पहिल्या अल्बमपुढे १९६८ हेच साल छापतात आणि त्यामुळे कॅलियर इतरांच्या मागून आलेला भासतो. त्याचे स्थान ठरवायचे असेल, तर ध्वनिमुद्रणाचे १९६४ हेच साल प्रमाण मानले पाहिजे.